आधी नमुना, मग इमारत

बांधकामात सर्वांत स्वस्त चूक कोणती? जी नमुन्यात सापडते ती. नकाशावर जिना ठीक दिसतो. बांधून झाला म्हणजे डोके तुळईला लागते. मग फोडाफोडीचा खर्च मालकाच्या माथी आणि बोल गवंड्याच्या. म्हणून जाणते कारागीर आधी लहान नमुना करून पाहतात. अडचण एवढीच की, नमुना करण्यातच फार काळ जातो.

स्पेनमधील बार्सिलोना शहरी सग्रादा फामिलिया नावाचे चर्च आहे. त्याचे काम १८८२ साली सुरू झाले व पुढल्याच वर्षी ते आंतोनी गौदी या वास्तुकाराकडे आले. गौदीचा भरवसा नकाशापेक्षा नमुन्यावर अधिक. शहराजवळच्या एका गिरणी-वसाहतीतील चर्चसाठी त्याने आढ्याला दोऱ्या टांगून त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या बांधल्या. भाराने दोरी जो झोल घेते, तोच उलटा केला की भार पेलणारी कमान मिळते. या एका नमुन्यापायी सुमारे दहा वर्षे गेली, आणि त्या चर्चचे तळघर तेवढे बांधून झाले.

सग्रादा फामिलियासाठी त्याने प्लॅस्टरचे मोठे नमुने केले; काही तर खऱ्या मापाच्या एक-दशांश. १९२६ साली गौदी वारला. १९३६ साली यादवी युद्धाच्या आरंभी जमावाने त्याची कार्यशाळा जाळली, नमुने फोडले. मागे राहिलेल्यांनी तुकडे वेचून वर्षानुवर्षे जुळवले. हे साधले कसे? गौदीचे वाकडे दिसणारे पृष्ठभाग सरळ रेषांचेच बनलेले आहेत. दोन काठ्यांमध्ये ओळीने दोरे ताणा आणि एक काठी तिरपी करा. दोरे सरळच राहतात, पण त्यांचा मिळून पृष्ठभाग वळतो. असा आकार गवंडी सरळ पट्टीने करू शकतो, आणि तुकड्यावरून उरलेला भाग हिशेबाने काढता येतो.

आता यंत्राकडे वळू. १९८४ साली अमेरिकेत चार्ल्स हल याने पातळ राळ प्रकाशाने थरावर थर घट्ट करून वस्तू घडविण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे भुकटीचा कागदासारखा पातळ थर पसरून, हवा तेथेच चिकटद्रव्य सोडणारी यंत्रे निघाली. अशी यंत्रे २००१ पासून सग्रादा फामिलियाच्या कार्यशाळेत आली. संध्याकाळी यंत्र लावावे, सकाळी नमुना हाती. दोष दिसला तर संगणकावरचे माप बदलून दुसरा करावा. साच्याचेही तसेच. चांगल्या नमुन्यावर रबर ओतले की साचा तयार होतो, आणि त्यातून प्लॅस्टरचे अनेक नग निघतात.

मग नमुनेकाराचे काय झाले? त्या कार्यशाळेतून तो गेला नाही. यंत्रातून निघालेला नमुना ठिसूळ असतो. तो साफ करणे, जोडणे, प्लॅस्टरने पुरा करणे आणि आकार पटतो की नाही हे पाहणे हातालाच करावे लागते.

हे मी का सांगतो? मी फाउंड्रीत वाढलेला माणूस. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा नमुनाच. तो लाकडात कोरणारे संगणकी यंत्र येणार असे एकदा कळले, तेव्हा युनियनतर्फे मी एकच मागणी धरली: यंत्र नको. यंत्र बाहेरच्या कंत्राटदाराकडे बसले, पॅटर्न तेथून येऊ लागले, आणि आमचे दोन जुने पॅटर्नमेकर घरी गेले. वाळूत पॅटर्न कुठे अडेल हे यंत्राला ठाऊक नव्हते. त्या दोघांना होते. ते ज्ञान त्यांच्याबरोबर दाराबाहेर गेले. त्यात दोष माझाही होता.

आज मी करारात दुसरीच अट मागतो. यंत्र आणा, पण त्याच्याजवळ जुना कारागीर उभा करा, त्याला पगारी वेळेत ते शिकवा, आणि त्याच्या हाताखाली एक पोर द्या. नमुना तासांत होतो ही चांगलीच गोष्ट आहे. पण चूक ओळखणारा डोळा तयार व्हायला अजूनही वर्षेच लागतात.