ताप येऊ शकतो, हे आधी सांगा

सकाळी ६. अलीगंजमधल्या घरी चहा उकळेपर्यंत व्हॉट्सअॅपवर संदेश येऊन पडलेले असतात. फेब्रुवारीत हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम लागली की लखनौत एकच अफवा फिरते: गोळ्या खाऊन मुलं आजारी पडली. दुपारी आशा आरोग्य स्वयंसेविकांच्या वर्गात काय शिकवायचं, ते हेच संदेश ठरवतात.

९. चौकातली गल्ली, सोबत आशाताई. औषधं तीन: डीईसी वयाप्रमाणे, आयव्हरमेक्टिन उंचीप्रमाणे, अल्बेंडाझोलची गोळी चावून. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि गंभीर आजारी माणसं वगळायची. उपाशीपोटी कुणालाच द्यायच्या नाहीत. एक आजी विचारतात, "बिटिया, बीमारी नहीं है तो दवा काहे?" प्रश्न रास्तच आहे. हत्तीरोगाचे जंतू अंगात वर्षानुवर्षं राहतात, पाय सुजेपर्यंत अनेकदा पत्ता लागत नाही. गोळ्यांनी ते मरू लागले की काहींना ताप येतो, मळमळतं. हे दारातच सांगितलं तर संध्याकाळचा ताप अफवेच्या कामी येत नाही.

१. जेवण, नोंदी.

२.३०. वर्ग. साहित्य फुकट आहे: जागतिक आरोग्य संघटनेचं ओपनडब्ल्यूएचओ आणि आपल्या सरकारचं स्वयम्, दोन्ही ऑनलाइन मंच २०१७ला सुरू झालेले. संघटनेची बरीच प्रकाशनं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर असल्यानं विक्री न करता भाषांतरही करता येतं. पण तासभराचा इंग्रजी व्हिडिओ घरोघर फिरून दमलेल्या बाईला काय देणार? आम्ही त्यातला पाच मिनिटांचा भाग घेतो, हिंदीत मांडतो, मग सकाळची अफवा समोर ठेवतो. एकजण आजी होते, दुसरी उत्तर देते. अडखळली की पुन्हा. मला विचाराल तर खरं शिक्षण इथे होतं. प्रमाणपत्र मिळालं तरी दारात बोलायचं धैर्य त्यातून येत नाही.

जुन्या आशा पोलिओचे दिवस सांगतात. डोसांनी मुलं होत नाहीत, ही अफवा याच उत्तर प्रदेशात किती खोल गेली होती! मोहल्ल्यातल्याच बायका आणि मौलवी दारोदार गेले, तेव्हा नकार ओसरले. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११चा, आणि २७ मार्च २०१४ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

रात्री ९. आशाताई स्वतःच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचा संदेश भरतात: ताप येऊ शकतो, घाबरू नका, मला फोन करा. नंबर दोनदा सांगायला लावते. उद्याच्या गल्लीतल्या घरांना तो आजच जायला हवा.