विश्लेषण : मोबाइलवरचा शिक्का गेला कुठे?

औंढा नागनाथच्या बाजारपेठेत असो वा हिंगोलीच्या मोठ्या दुकानात, मोबाइल घेताना ग्राहक खोक्यावरची किंमत पाहतो, कॅमेरा विचारतो. फोन प्रमाणित आहे का, हे फारसे कुणी पाहत नाही. पाहायचे म्हटले तरी फोनच्या पाठीवर हल्ली काही छापलेले नसते. तो शिक्का आता फोनच्या आत आहे. यालाच ई-लेबल म्हणतात.

कुठे सापडते?
‘सेटिंग्ज’मध्ये ‘अबाउट फोन’ आणि तिथे ‘रेग्युलेटरी’ किंवा ‘सर्टिफिकेशन’ अशा नावाचा पर्याय असतो. त्यात भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक दिसतो. तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते कळते. किरणोत्सर्गाचे प्रमाण ‘*#०७#’ डायल केल्यास दिसते. भारतातील मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे.

कायदा काय म्हणतो?
इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी २०१२च्या आदेशाने आली. मोबाइल, चार्जर व पॉवर बँक पुढे त्या यादीत आले. अमेरिकेने २०१४ मध्ये ई-लेबलसाठी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये वैधमापन नियमांत बदल होऊन इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या खोक्यावरील उत्पादकाचा पत्ता, आकारमान अशी काही माहिती क्यूआर कोडमध्ये देण्याची मुभा एका वर्षासाठी मिळाली. कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक सेवेचा फोन नंबर मात्र खोक्यावर छापलेलाच हवा, ही अट राहिली. ती योग्यच होती. किंमत वाचायला आधी दुसरा फोन आणि नेट लागावे, हा ग्राहकावर अन्यायच.

खरी फसगत कुठे?
चार्जरमध्ये. त्याला पडदा नाही, म्हणून ई-लेबलही नाही. नोंदणी क्रमांक त्याच्या अंगावरच छापलेला असावा लागतो. महाशिवरात्रीच्या यात्रेत किंवा बसस्थानकाजवळ स्वस्तात घेतलेल्या चार्जरवर तो शोधून पाहावा. नसेल तर घेऊ नये. रात्रभर उशाशी फोन लावून झोपणाऱ्या घरात शंभर रुपयांची बचत महागात पडू शकते.

जुना फोन घेताना खोके बहुधा हरवलेले असते आणि पडदा फुटलेला असेल तर ई-लेबलही गेले. अशा वेळी ‘*#०६#’ डायल करून मिळणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक, आधी इंग्रजीत ‘केवायएम’ लिहून, १४४२२ वर एसएमएस करावा. ‘ब्लॅकलिस्टेड’ किंवा ‘डुप्लिकेट’ असे उत्तर आल्यास तो फोन विक्रेत्याच्या हातात परत द्यावा, पैसे देण्याआधीच.