दुखण्याची गोळी आणि टेस्ट डोसचा गैरसमज

कापूस वेचणी भरात आली की वणी-घाटंजीकडे दिवसभर वाकून आलेली माणसं रात्री दुखण्याची गोळी घेऊन झोपतात. बहुतेकांना ती मानवते. एखाद्याच्या अंगावर मात्र तासाभरात गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, दम लागतो. पुढच्या वेळी तो दवाखान्यात म्हणतो, ‘डॉक्टर, आधी टेस्ट डोस द्या.’

टेस्ट डोस म्हणजे हातावर थोडं औषध टोचून पाहणं. पेनिसिलिनसाठी ती सुई कामाची आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिनसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन हे रसायन बनू देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. त्यानेच दुखणं थांबतं. पण काहींच्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन घटलं की ल्युकोट्राइन ही दुसरी रसायनं उसळतात आणि श्वासनलिका आवळतात. हा त्रास प्रतिपिंडांचा नाही, म्हणून तो कातडीवरच्या चाचणीत दिसत नाही. आणि म्हणूनच गोळी बदलली तरी तो पुन्हा होऊ शकतो. दमा असून नाकात मांस वाढलेल्यांना धोका जास्त.

खात्रीची चाचणी म्हणजे तीच गोळी अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत देणं. ती रुग्णालयातच, ॲड्रिनॅलिन हाताशी ठेवून करायची. लायसिन-ॲस्पिरिन नाकात देऊनही तपासतात. त्यात त्रास बहुधा नाकापुरता राहतो, पण काहीच झालं नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. मला जास्त पटतो तो दुसरा मार्ग: बाधलेली गोळी पुन्हा देण्याऐवजी पर्यायच तपासावा. एटोरिकॉक्सिब बहुतेकांना चालते. तिची पहिली गोळी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी, देखरेखीखाली, विभागून द्यावी.

त्याआधी काय बाधलं ते कळायला हवं. ‘पिवळी गोळी होती’ एवढ्यावर डॉक्टर काय करणार? एकाच गोळीत ॲसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल दोन्ही असू शकतात. पट्टीतून कापून दिलेल्या दोन गोळ्यांवर तर नावही उरत नाही. ते दुकानदाराकडून लिहून घ्या. त्रास झाला तर किती वेळाने झाला, तेही टिपून ठेवा.

गोळीनंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी ताप, अंगभर पुरळ, तोंडात फोड आले असतील, तर त्या औषधाची अशी चाचणी करायचीच नाही. मेफेनॅमिक ॲसिडमुळे होणाऱ्या अशाच एका गंभीर विकाराबद्दल भारतीय औषधकोश आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सावध केलं होतं. औषधाचा असा त्रास रुग्णालाही स्वतः १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येतो.