सभेचा अर्ज दिला, पण पोच घेतली का?

पीकविम्याची रक्कम, दुष्काळाचे अनुदान, नाही तर कॅनॉलचे पाणी. प्रश्न कोणताही असो, गावातली तरुण पोरं ठरवतात की, चौकात सभा घ्यायची. वक्ता ठरतो, स्पीकरवाल्याला विसार दिला जातो, पत्रकेही छापून येतात. मग कुणाला तरी आठवते, "अरे, ठाण्याची परवानगी?" दोघे-तिघे अर्ज घेऊन ठाण्यात जातात. "साहेब बंदोबस्तावर आहेत, उद्या या." उद्याचा परवा होतो. सभेच्या आदल्या सांजेला तोंडी निरोप येतो, "परवानगी नाही. सभा घेतली तर गुन्हा दाखल करू." कोणत्याही तालुक्यात दिसणारे हे चित्र आहे. अशा वेळी कायदा काय म्हणतो, हे सभा घेणाऱ्यांना आणि गावच्या कारभाऱ्यांनाही ठाऊक असायला हवे.

अहमदाबादचा धडा

१९६९ साली अहमदाबादेत हिमतलाल शाह यांनी अखिल भारतीय विद्यार्थी संपाच्या निमित्ताने पाचकुवा भागात जाहीर सभेची परवानगी मागितली. आधीच्या एका सभेनंतर गडबड झाली होती, या कारणावरून पोलीस आयुक्तांनी ती नाकारली. गुजरात उच्च न्यायालयातही शाह यांना दाद मिळाली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे गेले. १९७२ साली निकाल लागला. सार्वजनिक रस्त्यावरील सभेचे नियमन सरकारला करता येते, पण सभा सरसकट बंद करता येत नाही. आणि परवानगी कोणत्या कारणांनी नाकारायची हे न सांगता अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम चालणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. तो नियम रद्द झाला.

हा नियम ज्या कायद्याखाली केला होता, तो मुंबई पोलीस कायदा, १९५१. तोच कायदा आज आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून लागू आहे. म्हणून हा निकाल आपल्याही कामाचा.

पण यात एक गोम आहे. शाह जिंकले खरे, पण निकाल आला तीन वर्षांनी. सभेची तारीख केव्हाच टळून गेली होती. सभेच्या बाबतीत उशीर म्हणजेच नकार. खरी लढाई कोर्टाच्या आधी, ठाण्याच्या टेबलावरच असते.

पोलिसांचे अधिकार किती?

शांतपणे आणि शस्त्रांशिवाय जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी बंधने घालता येतात. पोलीस कायद्याच्या कलम ३७ (३) खाली जमाव आणि मिरवणुकीला बंदी घालता येते. मात्र राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ती पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. जुने १४४ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झाले आहे, आणि कार्यकर्त्यांना मिळणारी '१४९ ची नोटीस' आता १६८ खाली येते. नोटीस म्हणजे अटक नव्हे. ती घ्यावी, वाचावी, जपून ठेवावी. कलम १४४ चे आदेश कारणांसह काढावेत व प्रसिद्ध करावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली काश्मीरच्या प्रकरणात बजावले आहे.

लाऊडस्पीकरची गोष्ट वेगळी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार त्याला लेखी परवानगी लागतेच, आणि रात्री १० ते सकाळी ६ तो उघड्यावर लावता येत नाही. इथे पोरांनी हुज्जत घालू नये.

ठाण्याचीही अडचण समजून घ्या

एका ठाण्याच्या हद्दीत कितीतरी गावे, माणसे मोजकी. त्यात यात्रा, उत्सव, पुढाऱ्यांचे दौरे. आदल्या दिवशी अर्ज टाकला तर फौजदार तरी बंदोबस्त कुठून आणणार? म्हणून अर्ज होईल तितका आधी द्यावा. त्यात तारीख, वेळ, जागा, विषय, अंदाजे माणसे, जबाबदार संयोजक आणि स्वयंसेवकांची संख्या स्पष्ट लिहावी. जागा ग्रामपंचायतीची किंवा शाळेची असेल तर ना हरकत दाखला जोडावा.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. तोंडी 'नाही' आले तर नम्रपणे म्हणावे, "साहेब, कारण लिहून द्या." जागा किंवा वेळ बदलून चालेल का, हेही लेखी विचारावे. तरीही अडले तर उपविभागीय पोलीस अधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांकडे जावे. त्यापुढे उच्च न्यायालय आहेच. पण तारखेला दिवस उरले असतील, तरच त्याचा उपयोग.

गावच्या कारभाऱ्यांसाठी

गावची खबर ठाण्याला कळवणे हे पोलीस पाटलांचे कामच आहे. पण 'वातावरण तापले आहे' एवढे मोघम न कळवता, कोण, कुठे, कशासाठी जमणार आहे, ते जसेच्या तसे कळवावे. सरपंच आणि ग्रामसेवकांनीही सभा आपल्या विरोधात दिसते म्हणून दाखला अडवून धरू नये. आज ज्यांची सत्ता आहे, त्यांनाही उद्या विरोधात बसून सभा घ्यावी लागते. तेव्हा हाच अर्ज आणि हीच पोच त्यांच्या कामी येईल.