विश्लेषण : घाटी की गावठी? नांगरणी स्पर्धेत बैलजोडीची प्रतवारी कशी होते?

पावसाळ्यात भातलावणीची घाई ओसरू लागली की रत्नागिरी जिल्ह्यात नांगरणी स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. संगमेश्वर, लांजा, चिपळूण, रत्नागिरी तालुक्यांतील गावागावांत चिखलाने भरलेल्या शेतात बैलजोड्या धावतात आणि बांधावर गर्दी उसळते. या स्पर्धांत बहुतेक ठिकाणी ‘घाटी’ आणि ‘गावठी’ असे दोन गट असतात. हे गट का पडले, ते कसे ठरतात आणि तेवढ्याने बरोबरीची लढत होते का, याविषयी.

स्पर्धा कशी होते?

जू आणि नांगर बांधलेली जोडी चिखलातील आखून दिलेल्या मार्गावर धावते. मागे चालक नांगर धरून पळतो. जोडी निघाली की घड्याळ सुरू होते आणि सर्वांत कमी सेकंदांत फेरी पूर्ण करणारी जोडी जिंकते. जोडी मार्गाबाहेर गेली तर फेरी वाया. म्हणजे निकाल तिघांचा असतो : दोन बैल आणि एक माणूस. उजव्या-डाव्या बैलाची चाल जुळणे आणि वळणावर चालकाने तोल सांभाळणे, यावर अनेकदा निकाल फिरतो.

घाटी आणि गावठी म्हणजे काय?

कोकणातील स्थानिक बैल अंगाने लहान व हलका. डोंगरउताराच्या, लहान खाचरांच्या शेतीला आणि मुसळधार पावसाला तो सरावलेला असतो. कोकण कपिला या नावाने या भागातील गोवंशाची राष्ट्रीय पातळीवर नोंदही झाली आहे. बोलीभाषेत तो ‘गावठी’. सह्याद्रीच्या वरच्या अंगाहून, म्हणजे घाटावरून आणलेला बैल ‘घाटी’. सातारा, सांगली, सोलापूरकडील खिलार त्यात येतो. तो उंच, लांब टांगांचा आणि वेगासाठी प्रसिद्ध. दोघांना एकाच रांगेत उभे केले तर घरच्या शेतीची जोडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला बक्षिसाची आशा राहणार नाही. म्हणून वेगळे गट आणि वेगळी बक्षिसे.

अन्य शर्यतींत गट कसे पडतात?

पश्चिम महाराष्ट्रातील बैलगाडी शर्यतींत वयाचा आधार घेतात आणि वय दातांवरून ओळखतात. दुधाचे दात असलेला ‘आदत’, दोन कायमचे दात आलेला ‘दुसा’, चार आलेला ‘चौसा’. दात तोंड उघडून मोजता येतात, त्यामुळे वादाला जागा कमी. घाटी-गावठी हा भेद मात्र प्रामुख्याने अंगलोट पाहून होतो. संकरातून जन्मलेला, मध्यम उंचीचा बैल कोणत्या गटात धरायचा, हा प्रश्न आयोजकांच्या नजरेवर आणि गावाच्या माहितीवर सुटतो. वाद होतात ते इथेच.

कौशल्याचे मोजमाप होते का?

गट ठरतो तो बैलाच्या शरीरावरून. जोडीने आजवर काय करून दाखवले यावरून नव्हे. अनेक मैदाने मारलेली गावठी जोडी आणि पहिल्यांदाच चिखलात उतरलेली गावठी जोडी एकाच गटात धावतात. इथे अमेरिकेतील ‘टीम रोपिंग’ या खेळाशी तुलना उपयोगी ठरते. त्यात दोन घोडेस्वार मिळून पळत्या गोऱ्ह्याला दोर टाकतात : एक शिंगांना, दुसरा मागच्या पायांना. प्रत्येक स्वाराला त्याच्या आजवरच्या कामगिरीवरून क्रमांक मिळतो. आकडा मोठा, तेवढे कौशल्य जास्त. दोघांच्या क्रमांकांची बेरीज स्पर्धेच्या मर्यादेत बसली पाहिजे. मर्यादा १० असेल तर ६ क्रमांकाच्या स्वाराला ४ किंवा त्याहून कमी क्रमांकाचा जोडीदार घ्यावा लागतो. त्यामुळे नवख्यांनाही जिंकण्याची संधी राहते. पळवाटा तिथेही आहेत. क्रमांक वाढू नये म्हणून मुद्दाम कमी खेळणारे असतात. त्यांना आळा घालायचा तर निकालांची नोंद सतत तपासावी लागते.

रत्नागिरीत असे करता येईल का?

मुख्य अडचण सेकंदांची आहे. प्रत्येक गावच्या मार्गाची लांबी, चिखलाची खोली आणि वळणे वेगळी. एका गावचे २२ सेकंद आणि दुसऱ्या गावचे ३३ सेकंद यांची थेट तुलना होत नाही. मात्र त्याच दिवशी, त्याच शेतात जिंकलेल्या जोडीशी तुलना होऊ शकते. समजा, पहिल्या गावात विजेत्याची वेळ २० सेकंद आणि एका जोडीची २२. दुसऱ्या गावात विजेत्याची ३० आणि त्याच जोडीची ३३. दोन्हीकडे ती जोडी १० टक्क्यांनी मागे आहे. विजेतेही तोलामोलाचे असतील तर चार-पाच मैदानांच्या अशा नोंदींतून जोडीची पातळी बऱ्यापैकी कळेल. बैल आणि चालक यांची नोंद वेगवेगळी ठेवावी लागेल, कारण चालक बदलला की तीच जोडी वेगळी धावते. यासाठी यंत्रणा मोठी नको. आयोजकांनी एकमेकांना देण्याजोगी एक वही पुरे.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक आहे आणि बैलांना इजा होता कामा नये. प्रतवारीचा संबंध इथेही येतो. आवाक्याबाहेरच्या प्रतिस्पर्ध्यासमोर उभ्या केलेल्या जोडीवरच काठी उगारण्याचा मोह जास्त होतो.

यात पणाला काय लागले आहे?

पॉवर टिलर आल्यापासून कोकणात नांगराचे बैल कमी होत चालले आहेत. वर्षातील थोड्या दिवसांच्या कामासाठी जोडी पोसणे परवडत नाही. अशा वेळी गावठी गटातील ढाल आणि रोख बक्षीस हे जोडी राखण्याचे एक कारण ठरते. त्या गटात दिसायला लहान पण संकरित जोड्या शिरल्या किंवा दरवर्षी तीच मुरलेली जोडी जिंकत राहिली, तर नवा शेतकरी उतरणार नाही. मग गट कागदावर राहील आणि दावणीला गावठी बैल नसेल.