किचन चिमणीच्या पाइपला टोपी बसवताय? आधी हे वाचा

पावसाळा तोंडावर आला की माझं लक्ष भिंतीबाहेर निघालेल्या चिमणीच्या पाइपकडे जातं. कितीतरी घरांत ते तोंड उघडंच असतं. मग तिरक्या सरींचं पाणी थेट मोटरपर्यंत उतरतं आणि कबुतरं आत काड्या भरतात.

उपाय म्हणजे काउल कॅप, म्हणजेच पाइपच्या तोंडावर बसणारी टोपी. घेण्याआधी पाइपचा व्यास मोजा. घरगुती चिमणीला बहुधा ६ इंची, म्हणजे १५० मिमीचा पाइप असतो. कॅप लहान मिळाली म्हणून पाइप आवळून बसवू नका. हवेची वाट अरुंद झाली की आवाज वाढतो आणि धूर घरातच राहतो.

जाळीबद्दल माझं मत ठाम आहे: मच्छरदाणीसारखी बारीक जाळी नकोच. फोडणीचं तेल तिच्यावर चिकटतं आणि काही महिन्यांत तोंड बंद होतं. त्यापेक्षा झडपांची कॅप उत्तम. चिमणी चालू झाली की हवेच्या जोरानं झडपा उघडतात, बंद केली की वजनानं मिटतात. कॅप स्टेनलेस स्टीलची घ्या, विशेषतः कोकणात. खाऱ्या हवेत साधा पत्रा लवकर गंजतो.

पाइपला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या. कॅप स्क्रूनं घट्ट करा, भिंतीलगतची फट सिलिकॉननं भरा. आत घरटं असेल आणि त्यात अंडी किंवा पिल्लं दिसली, तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा. वरच्या मजल्यावर खिडकीबाहेर वाकून हे काम मुळीच करू नका, सुरक्षा पट्टा वापरणारा कारागीर बोलवा.