शंखाची मजुरी

केंदूरच्या मंडळींना समुद्रातल्या गोगलगाईचे काय? आम्ही कामगार चळवळीतले. आम्हालाही आधी असेच वाटले.

अंड्याच्या टरफलावर लिंबू पिळा. बुडबुडे येतात, कारण टरफल चुन्याचे. शंखही चुन्याचाच.

आपण कोळसा, तेल जाळतो. त्यातून निघणाऱ्या कार्बन डायॉक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. त्याचे पाण्यात आम्ल होते. समुद्र काही लिंबासारखा आंबट झालेला नाही. त्याचा पीएच ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला, एवढेच. पण एवढ्यानेच आम्लता चतुर्थांशाने वाढते, आणि शंख बांधण्याचे सामान, म्हणजे कार्बोनेट, पाण्यात कमी पडते.

टेरोपॉड ही पायाचेच पंख करून तरंगणारी इवलीशी गोगलगाय. तिचा शंख चुन्याच्या लवकर विरघळणाऱ्या जातीचा. अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात जिवंत गोगलगाईंचे शंख झिजलेले आढळले, हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. आपल्या अरबी समुद्रातही ती राहते; तिथे पावसाळ्यात खोलचे, अधिक आम्लतेचे पाणी पश्चिम किनाऱ्याशी वर येते.

ती शंख आतून डागडुजते, पण वाढीची ताकद त्यात खर्ची पडते. तिच्यावर मासे जगतात.

धूर एकाचा, झीज दुसऱ्याची. हा हिशेब आम्हाला ओळखीचा आहे.